लाखांच्या हिशेबातला एक जीव

फेब्रुवारी सरता सरता कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सेंट लॉरेन्सच्या आखातात आणि न्यूफाउंडलंडच्या ईशान्येला, तरंगत्या बर्फावर हार्प सील या समुद्री सस्तन प्राण्याच्या माद्या वितात. जन्मलेले पिल्लू साधारण 11 किलोचे असते. आईच्या दुधात जवळजवळ निम्मी चरबी असते, त्यामुळे पिल्लाचे वजन दिवसाला दोन किलोंहून जास्त वाढते आणि बारा दिवसांत ते 35 किलोंच्या घरात जाते. मग आई निघून जाते. ती त्या पिल्लाकडे परत येत नाही. त्याच्या अंगावरची पांढरीशुभ्र लव झडू लागते आणि खालून ठिपक्यांची, करडी, चमकदार कातडी दिसायला लागते. पिल्लू पंचवीसेक दिवसांचे झाले की तिथले शिकारी त्याला 'बीटर' म्हणतात, कारण पोहायला शिकणारे हे पिल्लू पाणी नुसते बडवत राहते. कॅनडातल्या व्यापारी शिकारीत मारले जाणारे बहुतेक सील याच वयाचे असतात.

जगाला माहीत असलेले चित्र मात्र त्या आधीचे आहे: पांढरी लव, काळेभोर ओले डोळे, मागे बर्फावर रक्त. पांढऱ्या पिल्लांची व्यापारी शिकार कॅनडाने 1987 मध्ये बंद केली. तरीही शिकारीविरुद्धच्या आवाहनांत तेच पिल्लू दिसत राहते. हे चुकीचे आहे, आणि ज्यांना सीलची खरी कळकळ आहे त्यांनीच ते आधी थांबवायला हवे. पंचवीस दिवसांच्या करड्या पिल्लाची वेदना लव पांढरी नसल्यामुळे कमी होत नाही. ती सांगण्यासाठी जुन्या चित्राची गरज पडू नये.

या वादात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. पहिला प्रश्न एका जिवाचा: हा प्राणी मरताना काय भोगतो, आणि ते भोगायला लावण्याइतके मोठे कारण आपल्याकडे आहे का? दुसरा कळपाचा आणि समुद्राचा: शिकारीने प्रजाती धोक्यात येते का, आणि सील वाढले तर मासे संपतात का? पहिल्याचे उत्तर कवटीत सापडते, दुसऱ्याचे हवाई पाहणीत आणि माशांच्या पोटात. एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. पण गेली पन्नास वर्षे दोन्ही बाजू आपला प्रश्न अडचणीचा झाला की शेजारचा उचलून पुढे करत आल्या आहेत.

आधी कवटीकडे पाहू.

कॅनडाच्या नियमांत हत्याराचे वर्णन अगदी सेंटिमीटरपर्यंत दिलेले आहे. हकापिक हे मूळचे नॉर्वेचे हत्यार. त्याचा लाकडी दांडा 105 ते 153 सेंटिमीटर लांब आणि 3 ते 5.1 सेंटिमीटर जाड असावा लागतो. टोकाला किमान 340 ग्रॅमचा लोखंडी भाग असतो. त्याच्या एका बाजूला किंचित वाकलेला, जास्तीत जास्त 14 सेंटिमीटरचा अणकुचीदार काटा आणि दुसऱ्या बाजूला बोथट, बुटका उंचवटा. मारायचे ते या बोथट बाजूने, डोक्याच्या वरच्या भागावर. काटा मुख्यतः मेलेले जनावर ओढण्यासाठी आणि बर्फावर तोल सावरण्यासाठी असतो. पिल्लाच्या कवटीचे हाड पातळ असते, त्यामुळे नेमका बसलेला एक घाव मेंदू तत्काळ निकामी करतो. मोठ्या सीलचे हाड जाड असते. म्हणून एक वर्षावरच्या सीलवर पहिला घाव हकापिकने घालायला मनाई आहे. त्याला बंदुकीनेच मारावे लागते, आणि गोळीचा वेग सेकंदाला किमान 1,800 फूट हवा.

2009 पासून नियमांत तीन पायऱ्या स्पष्ट लिहिल्या आहेत. पहिली, घाव किंवा गोळी. दुसरी, हाताने कवटी चाचपून पाहणे: डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे हाड चुरा झालेले बोटांना जाणवले पाहिजे. नाही जाणवले तर लगेच पुन्हा घाव. तिसरी, पुढच्या वल्ह्यासारख्या पायांखालच्या दोन्ही धमन्या कापून रक्त वाहू देणे आणि किमान एक मिनिट थांबणे. त्यानंतरच कातडी सोलायची. हा क्रम बदलून चालत नाही. सीलचे शरीर पाण्याखाली श्वास रोखून राहण्यासाठी घडलेले आहे आणि त्याच्या रक्तात व स्नायूंत प्राणवायूचा मोठा साठा असतो. बेशुद्ध न करता नुसत्या धमन्या कापल्या तर मरण लांबते.

कागदावर हे नीट आहे. बिघडते ते बर्फावर.

न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आज बहुतेक सील लहान बोटीतून बंदुकीने मारतात. बोट हलते, बर्फाची तरंगती लादी हलते, पिल्लू डोके फिरवते. गोळी डोक्याऐवजी मानेत किंवा जबड्यात लागली तर जखमी पिल्लू लादीच्या काठावरून पाण्यात सरकते आणि पुन्हा सापडत नाही. सापडले तरी शिकाऱ्याला बोट बर्फातून काढत तिथवर न्यायची, लादीवर उडी मारायची आणि मग कवटी चाचपायची असते. गोळी आणि चाचपणी यांत गेलेला वेळ हा या वादाचा गाभा आहे. पहिल्या पिल्लापर्यंत पोहोचण्याआधीच शिकाऱ्याने आणखी चार टिपली असतील, तर तो वेळ वाढतो. ढगाळ संध्याकाळी, वारा सुटलेला असताना, बर्फ फुटण्याआधी आपल्या वाट्याची शिकार पूर्ण करायची घाई असताना तो आणखी वाढतो. क्रूर माणसे शोधायची गरज नाही. निष्णात, सावध माणूसही या परिस्थितीत काही टक्के वेळा चुकणारच.

किती टक्के, यावर पशुवैद्यांतही एकमत नाही. 2001 मध्ये, शिकारीला विरोध करणाऱ्या संघटनेच्या पुढाकाराने गेलेल्या पशुवैद्यांच्या गटाने बर्फावर सोललेली 76 शरीरे तपासली. त्यांतल्या 42 टक्के सीलच्या कवटीला, सोलताना ते बेशुद्ध होते असे म्हणता येण्याइतकी इजा त्यांना आढळली नाही. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या कॅनडाच्या पशुवैद्यांच्या अभ्यासात सुमारे 98 टक्के सील स्वीकारार्ह रीतीने मारले गेल्याचा निष्कर्ष निघाला. समुद्र एक, प्राणी एक, आणि आकडे इतके दूर. पहिल्या गटाने मागे राहिलेल्या कवट्या पाहिल्या. दुसऱ्या गटातले लोक शिकाऱ्यांच्या जवळ उभे राहून काम पाहत होते, आणि कोणी पाहत असले की माणसाचा हात अधिक काळजीने पडतो. दूरवरून घेतलेल्या चित्रफितींवरूनही खात्री होत नाही. मेंदू पूर्ण निकामी झाल्यावरही सीलचे मागचे अंग पोहल्यासारखे जोरात हलत राहते. ती हालचाल मणक्यातून येते, जाणिवेतून नाही. पाहणाऱ्याला मात्र जिवंत पिल्लू सोलताना पाहिल्यासारखे वाटते.

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2007 मध्ये सगळे पुरावे एकत्र पाहिले. सीलला झटपट आणि टाळता येण्याजोग्या वेदनेशिवाय मारता येते, पण प्रत्यक्षात दरवेळी तसे घडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. माझ्या मते प्राणिकल्याणाच्या बाजूने एवढे वाक्य पुरेसे आहे. सत्तर किंवा ऐंशी हजार पिल्लांतली दोन टक्के म्हटली तरी ती दीड हजार होतात, आणि प्रत्येक पिल्लू ती मिनिटे एकटे भोगते.

या वाक्यावर थांबता येत नाही असे ज्यांना वाटले, ते पर्यावरणाच्या अंगणात शिरले. 'सील नामशेष होत आहेत' हे वाक्य कितीतरी पत्रकांत छापले गेले. हार्प सीलची वायव्य अटलांटिकमधली संख्या 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला वीस लाखांच्या खाली आली होती, हे खरे आहे. 1971 मध्ये पहिल्यांदा शिकारीवर संख्येची मर्यादा आली. 1983 मध्ये युरोपीय समुदायाने पांढऱ्या पिल्लांच्या कातड्यांची आयात थांबवली, बाजार कोसळला, आणि सील वाढत गेले. 2019 साठीचा सरकारी अंदाज 76 लाखांचा होता. त्यानंतरच्या मोजणीने तो बराच खाली आणला आहे, पण हा प्राणी आजही लाखोंनी आहे. त्याला दुर्मिळ म्हणणे खोटे आहे, आणि हे खोटे शिकारीच्या समर्थकांना फार सोयीचे पडले. त्यांनी एक आकडा दाखवायचा आणि सगळा विरोध खोटा ठरवायचा. कवटीचा प्रश्न तसाच मागे राहायचा.

समर्थकांनीही तेच केले, उलट्या दिशेने. कातड्यांना गिऱ्हाईक मिळेना तेव्हा शिकारीला नवे कारण मिळाले: सील कॉड मासे खातात, म्हणून सील मारले पाहिजेत.

या कारणामागे खरे दुःख आहे, त्यामुळे ते हलक्या हाताने झटकू नये. न्यूफाउंडलंड हे कॉडवर उभे राहिलेले बेट. 2 जुलै 1992 रोजी कॅनडाच्या सरकारने तिथली उत्तरेकडच्या कॉडची मासेमारी बंद केली आणि हजारो मच्छीमार व मासे-कारखान्यांतले कामगार एका दिवसात रिकामे झाले. बंदी दोन वर्षांची सांगितली होती. ती 2024 पर्यंत चालली. त्या तीस वर्षांत लोकांच्या डोळ्यांसमोर कॉड नव्हते आणि सील वाढताना दिसत होते. सील आले म्हणून कॉड गेले, असा निष्कर्ष काढणाऱ्या माणसाला मूर्ख ठरवता येणार नाही.

पण कॉड गेले ते कसे? 1960 च्या दशकात परदेशी ट्रॉलरांचे, म्हणजे मोठी जाळी ओढत नेणाऱ्या मासेमारी जहाजांचे, ताफे तिथे उतरले. एकट्या 1968 मध्ये उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांवर गेली. 1977 मध्ये कॅनडाने 200 सागरी मैलांचा पट्टा आपल्या ताब्यात घेतला, परदेशी ताफे हटवले आणि त्यांच्या जागी स्वतःचे ट्रॉलर आणले. कॉड किती उरले याचे अंदाज फुगलेले होते आणि परवानग्या त्या अंदाजांवर मिळत होत्या. 1990 च्या सुमारास पाणी असामान्य थंड झाले आणि कॅपेलिन हा छोटा तेलकट मासा कोसळला. आपल्याकडच्या मच्छीमाराने तारलीचा विचार करावा: ज्या लहान माशावर मोठ्या माशांची, पक्ष्यांची आणि माणसांची पोटे चालतात, तसा हा कॅपेलिन. तो 1980 च्या दशकातल्या पातळीवर अजून परतलेला नाही. उत्तरेकडच्या कॉडच्या चढउतारांवर झालेल्या अभ्यासांत मासेमारी आणि कॅपेलिन यांचा प्रभाव स्पष्ट दिसतो, हार्प सीलचा दिसत नाही.

मग 'सील इतके टन कॉड खातात' हे आकडे कुठून येतात? एका सीलचा रोजचा आहार घ्यायचा, त्यातला कॉडचा वाटा घ्यायचा, लाखो सीलनी आणि 365 दिवसांनी गुणायचे. प्रत्येक पायरीत खोट आहे. हार्प सील वर्षाचा मोठा भाग दूर उत्तरेला आर्क्टिकमध्ये घालवतात, तिथे हा कॉड नसतोच. आहाराचे नमुने पुष्कळदा किनाऱ्याजवळ मारलेल्या सीलच्या पोटातले असतात, आणि खुल्या समुद्रातला सील वेगळे खातो. पोटात मासा ओळखायचा तो त्याच्या कानातल्या दगडासारख्या छोट्या हाडावरून. ते हाड आम्लात झिजते, लहान माशांचे तर विरघळूनच जाते. शिवाय सील कधी मोठ्या कॉडचे नुसते पोट फाडून यकृत खातो आणि डोके टाकून देतो, तेव्हा कानाचे हाड पोटात येतच नाही. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. सगळ्यात मोठी खोट मात्र गुणाकाराच्या पुढची आहे: सीलने न खाल्लेला कॉड माणसाच्या जाळ्यात येईल, असे त्यात धरलेले असते. त्याला दुसरा मासा खाईल. सील ज्यांना खातो त्यांतले काही मासे कॉडची अंडी आणि पिल्ले खातात, तेही वाढतील.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हेच प्रश्न केप फर सील आणि हेक माशांबद्दल विचारले गेले. तिथे हेकच्या दोन जाती आहेत, एक उथळ पाण्यातली आणि एक खोल पाण्यातली, आणि मोठे उथळ पाण्यातले हेक लहान खोल पाण्यातल्या हेकांना खातात. सील दोघांनाही खातात. सील कमी केले तर मच्छीमाराच्या हाती येणारे हेक वाढण्याऐवजी घटूही शकतात, असे अन्नसाखळीच्या गणितातून दिसले.

एवढे लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे एक अपवाद मांडावा लागतो. सेंट लॉरेन्स आखाताच्या दक्षिण भागात हार्प नव्हे तर ग्रे सील आहे. हा मोठा, लांबट तोंडाचा सील. नोव्हास्कोशियाजवळच्या सेबल बेटावर आज त्याची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. आखाताच्या या भागातला कॉड मासेमारी जवळपास थांबल्यावरही घटत राहिला. मोठे, वीण देणारे कॉड मरत होते, आणि थंडीत ते जिथे दाटीने गोळा होतात तिथेच ग्रे सीलही सापडले. इथे शास्त्रज्ञांचा कल स्पष्ट आहे: उरलेल्या थोड्या कॉडला वर येऊ न देणारे मुख्य कारण ग्रे सील असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय ग्रे सीलच्या पोटात वाढणारा एक कृमी कॉडच्या मांसात शिरतो. मासे-कारखान्यांत खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर प्रत्येक तुकडा धरून ते कृमी हाताने काढावे लागतात.

2012 मध्ये कॅनडाच्या सिनेटच्या समितीने चार वर्षांत 70,000 ग्रे सील मारण्याची शिफारस केली. पर्यावरणाचा युक्तिवाद इथे जेवढा बळकट आहे तेवढा हार्प सीलच्या बाबतीत कुठेच नाही. आणि नेमका इथेच त्याचा दुबळेपणाही दिसतो. कॉड परतेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, एकदा मारून भागत नाही, संख्या खाली ठेवायची तर पुढेही मारत राहावे लागते, आणि जी परिसंस्था माणसाने मोडली ती सील मारून पूर्वीसारखी होईल याचा एकही खात्रीलायक दाखला नाही. मला हा निर्णय घ्यायचा असता तर मी तो घेतला नसता. पण उलट बाजूने बोलणारा मच्छीमार इथे पुरावा घेऊन बोलतो आहे, हे मान्य करायला हवे. 'सील निरागस आहेत' हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

या सगळ्या ओढाताणीत ज्यांनी सगळ्यात जास्त किंमत मोजली ते उत्तरेचे इनुइट, आर्क्टिकमधले मूळ रहिवासी. ते प्रामुख्याने मारतात तो रिंग्ड सील, आणि तो पांढरे पिल्लू म्हणून नव्हे तर मांसासाठी. हा सील हिवाळाभर घट्ट बर्फात श्वासाची भोके उघडी ठेवतो. शिकारी त्या भोकाशी तासन्‌तास उभा राहतो. मांस गावात वाटले जाते, कातड्याचे बूट आणि कपडे होतात, उरलेले कातडे विकले जाते. त्या विक्रीच्या पैशांतून स्नोमोबाइलचे पेट्रोल आणि काडतुसे येतात, आणि त्यांवर पुढचे मांस येते. जिथे दुकानातले प्रत्येक अन्न विमानाने किंवा वर्षातून एखाद्या जहाजाने येते, तिथे हे चक्र म्हणजे गावाचे जेवण.

1983 च्या युरोपीय बंदीत इनुइटांना सूट होती. ती कागदावरच राहिली. कातडे लिलावात गेले की गिऱ्हाईक रिंग्ड की हार्प, मोठा की पिल्लू असे विचारत नव्हते. 'सील' हा शब्दच नकोसा झाला होता. भाव पडले आणि चक्र तुटले. ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने 1970 च्या दशकात न्यूफाउंडलंडच्या बर्फावर या मोहिमेत मोठा भाग घेतला होता. 2014 मध्ये त्यांच्या कॅनडा शाखेने इनुइटांची जाहीर माफी मागितली. माफी मागणे चांगलेच झाले, पण तोवर एक पिढी उलटून गेली होती.

2009 मध्ये युरोपीय संघाने सगळ्याच सील-उत्पादनांचा व्यापार बंद केला आणि कॅनडा व नॉर्वे जागतिक व्यापार संघटनेत गेले. तिथे युरोपने प्रजाती वाचवतो आहोत असे म्हटले नाही. आमच्या लोकांच्या नैतिक भावनेला हे सहन होत नाही, असे म्हटले. 2014 मध्ये अपिलात तो मुद्दा मान्य झाला. प्राण्याच्या वेदनेचा प्रश्न कोणताही उसना आधार न घेता उभा राहिला आणि टिकला, म्हणून हा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. इनुइटांसाठीची सूट मात्र असमान ठरली. तिचा फायदा मुख्यतः ग्रीनलंडला होत होता, म्हणून 2015 मध्ये नियम दुरुस्त करावे लागले.

त्याच दुरुस्तीत आणखी एक सूट गेली. मासेमारीचे नुकसान रोखण्यासाठी मारलेल्या सीलची थोडीफार उत्पादने, नफ्यासाठी नव्हे तर वाया जाऊ नयेत म्हणून, विकता येत होती. ती सोय बंद झाली. बाल्टिक समुद्रावर स्वीडन आणि फिनलंडमध्ये ग्रे सील जाळी फाडतात, सॅमन आणि हेरिंग पळवतात, आणि ठरावीक संख्येने त्यांना मारायला परवानगी आहे. मारता येते, पण कातडे किंवा मांस विकता येत नाही. शिकारी ते स्वतः वापरतो किंवा टाकून देतो. वेदनेच्या नावाने केलेल्या नियमाने इथे वेदना कमी झाली नाही, फक्त मरण निरुपयोगी झाले.

आणि बाजार? 2006 मध्ये चांगल्या बीटर कातड्याला शंभर कॅनेडियन डॉलरच्या आसपास भाव होता, 2009 मध्ये तो पंधराच्या आसपास आला. शिकारीची मर्यादा पुढे 4 लाखांवर नेली गेली, पण 2009 नंतर प्रत्यक्ष शिकार कुठल्याच वर्षी एक लाखावर गेलेली नाही. एप्रिलमधल्या त्या दोन-तीन आठवड्यांच्या कमाईवर ज्यांची खेकड्यांचा हंगाम सुरू होईपर्यंतची तजवीज चाले, अशी छोटी गावे अजून आहेत. सीलच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मांसाची 'पाई' (कणकेच्या आवरणात भाजलेला पदार्थ) तिथे अजून केली जाते. त्या लोकांना राक्षस ठरवणाऱ्यांनी 1914 चा मार्च आठवावा: एकाच वादळात 'न्यूफाउंडलंड' जहाजाचे 78 शिकारी बर्फावर गोठून मेले आणि 'सदर्न क्रॉस' हे जहाज 174 माणसांसह बेपत्ता झाले. सीलच्या चरबीचा फायदा न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्स इथल्या व्यापाऱ्यांना झाला, बर्फावर पाठवले गेले ते गरीब.

आता तो बर्फही राहत नाही. 2010 आणि 2011 च्या हिवाळ्यांत सेंट लॉरेन्सच्या आखातात तो जवळपास नव्हताच. माद्या उशिरापर्यंत घट्ट लादी शोधत फिरल्या, काहींनी किनाऱ्यावर पिल्ले दिली. कॅपेलिन कमी असला की गर्भपातही वाढतात. पिल्लाला दूध पिऊन चरबी धरायला बारा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्याच्या खालची लादी टिकावी लागते. पाचव्या-सहाव्या दिवशी ती फुटली तर पिल्लाला अजून नीट पोहता येत नसते.